पडद्यावर भरणारी साप्ताहिक सभा

सेवाभावी क्लब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. हॉटेलचे छोटेसे सभागृह, टेबलावर पितळी घंटा, कोटाच्या कॉलरवर लावलेला बिल्ला, पाहुण्यांचे भाषण, आभारप्रदर्शन आणि त्यानंतर भोजन. रोटरी आणि लायन्स ह्या दोन नावांनी हे चित्र आपल्याकडे चांगलेच रुजवले आहे. आपल्या धर्मग्रामांतील डॉक्टर, शिक्षक, बँक कर्मचारी आणि व्यावसायिक बंधुभगिनी अशा क्लबांच्या सभासद असतात. शाळेच्या आवारात भरणारे नेत्रतपासणीचे किंवा रक्तदानाचे शिबिर पाहिलेले नाही असा वाचक विरळाच.

मात्र ह्याच क्लबांचा एक प्रकार असा आहे की ज्याला सभागृह नाही, घंटा नाही आणि भोजनही नाही. त्याचा एक सभासद मुंबईत असतो, दुसरा मस्कतला, तिसरा टोरंटोला. एकमेकांना वर्षानुवर्षे प्रत्यक्ष न भेटता ही मंडळी दर आठवड्याला सभा भरवतात, ठराव करतात, निधी जमवतात आणि त्या निधीतून कोठेतरी विहीर, शौचालय किंवा वर्गखोली उभी करतात. अशा क्लबाला ई-क्लब म्हणतात. त्याचा आठवडा कसा जातो, त्याचे बळ कशात आहे आणि तो कोठे तोकडा पडतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. आपली तरुण पिढी आखातात, कॅनडात, न्यूझीलंडमध्ये आणि जहाजांवर विखुरलेली असताना हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. गाव सोडलेल्या माणसाला गावाच्या सेवेत सहभागी होता येते का, आणि होता येत असेल तर कितपत, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

साप्ताहिक सभेचे मूळ

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन परिचितांना एकत्र बोलावले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. खाण अभियंता गुस्टाव्हस लोअर ह्यांच्या कार्यालयात, युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत, ही पहिली बैठक झाली. पुढील बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या आणि ह्या आळीपाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. प्रत्येक व्यवसायातील एकच प्रतिनिधी घ्यायचा असा आरंभीचा दंडक होता. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या माणसांना स्नेही मिळावेत आणि व्यवसायातही परस्परांचा हातभार लागावा, एवढाच मूळ हेतू होता. सेवेचा विचार मागाहून आला. १९०७ मध्ये शिकागोच्या क्लबाने शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून मोहीम हाती घेतली. जगभरच्या एवढ्या मोठ्या सेवाकार्याचा आरंभ शौचालयापासून झाला, ही गोष्ट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. भारतात रोटरी प्रथम १९१९ मध्ये कोलकात्यात आली, तर मुंबईचा क्लब १९२९ मधला.

ह्या चळवळीकडे ख्रिस्तसभेने आरंभी संशयाने पाहिले होते, हे आजच्या पिढीला ठाऊक नसते. १९२९ मध्ये धर्मगुरूंनी रोटरीचे सभासद होणे हितावह नाही असे व्हॅटिकनमधून कळवण्यात आले. १९५१ च्या जानेवारीत तर धर्मगुरूंना त्याची मनाईच करण्यात आली आणि प्रापंचिकांनाही सावधगिरीचा इशारा मिळाला. सर्व धर्म सारखेच मानणारी आणि फ्रीमेसन मंडळींशी जवळीक असलेली संघटना, अशी शंका त्यामागे होती. काळाच्या ओघात ती निवळली. १९७९ मध्ये रोटरीचे जागतिक अधिवेशन रोम येथे भरले तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी प्रतिनिधींची भेट घेऊन त्यांना संबोधित केले. २०१६ च्या दयेच्या जयंती वर्षात संत पेत्राच्या चौकात रोटरी सभासदांसाठी खास जयंती सोहळाही झाला. त्यामुळे आपल्या धर्मग्रामातील एखादी व्यक्ती क्लबाची सभासद आहे म्हणून आज कोणी भुवया उंचावण्याचे कारण नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हजेरीचा दंडक. जवळजवळ शतकभर क्लबाने आठवड्यातून एकदा भेटलेच पाहिजे असा नियम होता. सबळ कारणाशिवाय ओळीने चार सभा चुकवणाऱ्याचे सभासदत्व धोक्यात येत असे. मग परगावी गेलेल्याने काय करायचे? त्यासाठी भरपाईची सोय होती. इंग्रजी शब्दच रूढ झाल्यामुळे आपल्याकडेही तिला ‘मेक-अप’ म्हणतात. आपली सभा चुकली तर आधीच्या किंवा नंतरच्या चौदा दिवसांत जगातील कोणत्याही दुसऱ्या क्लबाच्या सभेला जाऊन बसायचे, तेथील चिटणीसाकडून हजेरीचा दाखला घ्यायचा आणि तो आपल्या चिटणीसाला द्यायचा. पुढे ही मुदत बरीच सैल झाली. परंतु ऑनलाइन क्लबाचा जन्म समजून घ्यायचा तर ह्या मेक-अपकडे नीट पाहावे लागते. दुसरीकडे जाऊन हजेरी लावता येते, हे तत्त्व एकदा मान्य झाले की ते ‘दुसरीकडे’ म्हणजे संगणकाचा पडदा का असू नये, हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणारच होता.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील काही सभासदांनी तो विचारला. त्यांच्या प्रयत्नांतून ‘रोटरी ई-क्लब वन’ हा पहिला इंटरनेट क्लब जानेवारी २००२ मध्ये अधिकृतपणे स्थापन झाला. त्याच महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांचा जागतिक संपर्क दिनाचा संदेश प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता इंटरनेट आणि शुभवर्तमानाची घोषणा. हा निव्वळ योगायोग असला तरी त्या वर्षी जगातील अनेक जुन्या संस्था एकाच प्रश्नाशी झुंजत होत्या, हे त्यावरून दिसते. २००४ ते २०१० ह्या काळात रोटरीने चौदा ई-क्लबांवर प्रायोगिक तत्त्वावर लक्ष ठेवले. २०१० मध्ये संघटनेच्या विधिमंडळाने त्यांना कायमची मान्यता दिली, पण एका प्रांतात फार तर दोन असे बंधन घालून. नंतर हे बंधन उठले. २०१६ मध्ये तर ई-क्लब आणि नेहमीचा क्लब हा नियमांतील भेदच पुसून टाकण्यात आला. आता कोणताही क्लब प्रत्यक्ष भेटू शकतो, ऑनलाइन भेटू शकतो किंवा दोन्हींचा मेळ घालू शकतो. महिन्यातून किमान दोन सभा मात्र झाल्या पाहिजेत. नवा क्लब काढण्यास किमान वीस सभासद लागतात. ती अट ऑनलाइन क्लबालाही लागू आहे.

आठवडा कसा जातो

ऑनलाइन क्लबांची दोन कुळे आहेत. एका कुळातील क्लब ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व्हिडिओद्वारे समोरासमोर येतात. दुसऱ्या कुळातील क्लबांची सभा आठवडाभर उघडीच असते. पहिला पहिलावहिला ई-क्लब ह्या दुसऱ्या कुळातला आणि आमच्या मते ह्या कल्पनेचे वेगळेपण त्यातच अधिक आहे.

ह्या प्रकारात आठवड्याची सभा म्हणजे एक लिहून, मांडून ठेवलेला कार्यक्रम असतो. ठरलेल्या दिवशी जुना कार्यक्रम मागे सरकतो आणि नवा उघडतो. आरंभी अध्यक्षांचे चार शब्द असतात, मग एखादा चिंतनपर विचार. त्यानंतर शिकागोतील एक उद्योजक हर्बर्ट टेलर ह्यांनी १९३२ मध्ये आपल्या बुडत्या कंपनीसाठी तयार केलेली आणि पुढे रोटरीने स्वीकारलेली चार प्रश्नांची कसोटी येते. आपण जे बोलतो वा करतो ते खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव वाढेल का आणि ते सर्वांच्या हिताचे आहे का, असा तिचा आशय आहे. मग क्लबाचे कामकाज, म्हणजे कोणाचा वाढदिवस, कोण आजारी, कोणत्या प्रकल्पाचे पैसे कोठवर पोहोचले. आणि शेवटी मुख्य व्याख्यान, लिहिलेले किंवा ध्वनिचित्रमुद्रित. सभासदाने आठवड्यात केव्हाही यावे, हे सर्व वाचावे, पाहावे, आपला अभिप्राय नोंदवावा आणि हजेरी लावावी. एखादा परिचारकाची रात्रपाळी संपवून पहाटे येतो, एखादी मुले झोपल्यावर. जहाजावरील अभियंता बंदर लागून नेट मिळेल तेव्हा येतो.

हे ऐकायला सोपे वाटते, परंतु त्यामागे कोणाचे तरी घाम गाळणे असते. सभागृहातील सभेत वक्ता आला नाही तर अध्यक्ष दोन विनोद सांगून वेळ मारून नेऊ शकतात. येथे पान कोरे ठेवता येत नाही. दर आठवड्याला कोणीतरी विषय शोधतो, वक्त्याची संमती घेतो, मजकूर तपासतो, चित्रफीत चालते की नाही ते पाहतो. वर्षाला जवळजवळ पन्नास कार्यक्रम! कार्यक्रम समितीचा प्रमुख हा ई-क्लबाचा कणा असतो आणि तो थकला की क्लब थकतो. धर्मग्रामाचे मासिक किंवा युवा मंडळाचे भित्तिपत्रक चालवलेल्या वाचकांना ह्याचे मर्म वेगळे सांगायला नको.

आठवडाभर आणखी एक वर्दळ चालू असते, ती पाहुण्यांची. इतर क्लबांचे सभासद भरपाईची हजेरी लावण्यासाठी येथे येतात. त्यांनी कार्यक्रमावर किमान अर्धा तास घालवावा अशी अपेक्षा असते. शेवटी ते एक अर्ज भरतात, काय वाचले त्यावर दोन ओळी लिहितात आणि हजेरीचा दाखला त्यांना ई-मेलने मिळतो. बऱ्याच ठिकाणी ह्या पाहुण्यांकडून ऐच्छिक देणगी मागितली जाते आणि ती सेवाकार्यात जाते. सभागृहातील क्लब पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेतो, हा क्लब त्याऐवजी प्रकल्पासाठी मदत मागतो. आम्हाला ही व्यवस्था मोठी चतुर वाटते.

हजेरी लावणे म्हणजे हजर असणे नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि तो खोटा नाही. पान उघडून ठेवून चहा करायला गेलेल्या माणसालाही घड्याळ अर्ध्या तासाची हजेरी देते. म्हणून चांगले क्लब घड्याळावर विसंबत नाहीत, ते अभिप्राय मागतात. आठवडाभरात एका व्याख्यानाखाली पंधरावीस जणांनी विचारपूर्वक लिहिलेले वाचले की आपल्या ध्यानात येते की हॉलमधील सभेत एवढी माणसे कधी बोललीच नसती. तेथे वेळ दहा मिनिटांची आणि प्रश्न विचारणारे तेच ते तिघे. लाजाळू माणसाला लिहिताना कंठ फुटतो. उलट बाजू अशी की चेहरा दिसत नसल्यामुळे शब्दांचे कोपरे टोचतात. थट्टेने लिहिलेले वाक्य कोणाला तरी लागते आणि ते निस्तरायला फोन करावा लागतो. हॉलमधील सभेनंतर जिन्यातच मिटले असते ते येथे चार दिवस चिघळते. शिवाय सभागृहात बसून पेंगणारे सभासदही आपण पाहिलेले आहेतच. लक्ष नसणे हा काही इंटरनेटने लावलेला शोध नव्हे!

व्हिडिओद्वारे भेटणाऱ्या क्लबांची अडचण निराळी. तेथे चेहरे दिसतात, पण घड्याळ आडवे येते. भारतात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात आणि टोरंटोत सकाळचे दहा किंवा अकरा, ऋतूनुसार. इथवर ठीक. न्यूझीलंडमध्ये मात्र त्या वेळी दुसऱ्या दिवसाची पहाट असते, तीन किंवा चार. ऑकलंडच्या सभासदाला दर आठवड्याला पहाटे तीनला उठवणे ही सेवा नव्हे, तपश्चर्या होय. म्हणून असे क्लब वेळा आलटून पालटून ठेवतात किंवा सभा ध्वनिचित्रमुद्रित करून नंतर पाहण्याची मुभा देतात. म्हणजेच पहिल्या कुळातील क्लबही हळूहळू दुसऱ्या कुळाकडे सरकतो.

कोणासाठी दार उघडले

ऑनलाइन सभेने वाचवलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भोजनाचा खर्च. हे वाचून कोणाला हसू येईल, पण हॉटेलातील साप्ताहिक जेवणाने असंख्य पात्र माणसांना क्लबाच्या दाराबाहेर ठेवले आहे. शाळेतील शिक्षिका, परिचारिका, नुकताच नोकरीला लागलेला पदवीधर ह्यांना सेवेची इच्छा असते, परंतु दर आठवड्याचे ताट परवडत नाही. ऑनलाइन क्लबात वार्षिक वर्गणी असते, ताट नसते.

दुसरा लाभ घरात अडकलेल्यांना झाला. अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारी मुलगी, तान्ह्या बाळाची माता, चाकांच्या खुर्चीत बसणारा निवृत्त अभियंता. रोटरीचे दरवाजे स्त्रियांना १९८९ मध्ये नियमाने उघडले. त्याआधी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला कॅलिफोर्नियातील एका क्लबाच्या बाबतीत निकाल द्यावा लागला होता. नियम बदलला तरी रात्री नऊ वाजता शहरातील सभा आटोपून एकटीने घरी परतण्याचा प्रश्न उरतोच. तो न्यायालय सोडवू शकत नाही. पडद्यावरील सभेने निदान तेवढे सोडवले.

२०२० साली हा विषय सगळ्यांच्याच अंगावर आला. मार्चअखेर देशात टाळेबंदी लागली आणि जे क्लब ई-क्लबांकडे कौतुकमिश्रित अविश्वासाने पाहत होते ते सारे एका आठवड्यात ई-क्लब झाले. होनोलुलू येथे भरणारे रोटरीचे जागतिक अधिवेशन रद्द होऊन जूनमध्ये इंटरनेटवर झाले. सत्तरी ओलांडलेले माजी अध्यक्ष नातवंडांकडून ‘म्यूट’ काढायला शिकले. आरंभी उपस्थिती वाढली, कारण लोक घरी होते आणि माणसांसाठी आसुसलेले होते. वर्षभराने थकवा आला, कॅमेरे बंद होऊ लागले. २००२ पासून हे काम करणाऱ्या क्लबांना जे हळूहळू उमगले होते ते इतरांना त्या वर्षात घाईने शिकावे लागले. सभागृहातील सभा जशीच्या तशी पडद्यावर आणली तर ती चालत नाही, तिची बांधणी वेगळी करावी लागते. भाषण आखूड हवे, लहान गटांत बोलायला वाव हवा आणि दर वेळी सर्वांनी एकदम हजर असलेच पाहिजे हा आग्रह सोडायला हवा.

सेवा कोठे घडते

आता मुख्य मुद्दा. सभा पडद्यावर भरेल, पण सेवा? तहानलेल्या पाड्यावर पाणी पडद्यातून पोहोचत नाही.

ई-क्लबांनी ह्यावर काही मार्ग काढले आहेत. सर्वांत साधा म्हणजे प्रत्येकाने आपापल्या गावी काम करायचे आणि सभेत त्याचा वृत्तान्त द्यायचा. एक जण टोरंटोत अन्नपेढीत उभा राहतो, एक पालघर जिल्ह्यातील शाळेत विज्ञान शिकवतो. ह्यात सेवा घडते खरी, पण ती क्लबाची म्हणावी की व्यक्तीची, हा प्रश्न राहतो. दुसरा मार्ग जागेवरच्या क्लबाशी जोडी करण्याचा. येथे ई-क्लबाचे खरे बळ दिसते. रोटरी फाउंडेशनचे ‘ग्लोबल ग्रँट’ नावाचे अनुदान मिळवण्यासाठी प्रकल्प जेथे आहे तेथील एक यजमान क्लब आणि दुसऱ्या देशातील एक भागीदार लागतो, प्रकल्पाचा अंदाज किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि त्या वस्तीची गरज काय आहे ह्याची आधी पाहणी करावी लागते. परदेशी भागीदार शोधताना नेहमीचा क्लब चाचपडतो. परदेशात माणसे विखुरलेल्या ई-क्लबाला तो शोधावा लागत नाही, कारण त्याचे सभासदच कोणत्या ना कोणत्या शहरातील क्लबांना ओळखत असतात. तिसरा मार्ग कौशल्य देण्याचा आहे. हिशेब तपासणे, अर्ज लिहिणे, दहावीच्या मुलांना इंग्रजी किंवा गणित शिकवणे, परदेशी शिक्षणास निघालेल्या तरुणाला कागदपत्रांचे मार्गदर्शन करणे, ही कामे दुरून उत्तम होतात आणि सभागृहातील क्लबांनी त्यांकडे दुर्लक्षच केले होते.

परंतु एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. रोटरीचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे १९८५ पासूनची पोलिओ निर्मूलनाची मोहीम. भारतातील रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. हे यश निधीमुळे आले हे खरे, पण केंद्रावर उन्हात बसणाऱ्या, बाळाच्या बोटाला शाई लावणाऱ्या, घरोघरी जाऊन रुसलेल्या बापाची समजूत घालणाऱ्या माणसांशिवाय त्या निधीतून नुसत्या कुप्या साठल्या असत्या. सरकारी आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक ह्यांची ती पायपीट होती. ई-क्लब तेथे पैसा आणि प्रसिद्धी पुरवू शकला असता, उंबरठा ओलांडू शकला नसता.

आणि प्रकल्प पूर्ण झाल्यावर काय? हातपंपाचे उद्घाटन छायाचित्रात छान दिसते. दोन पावसाळे गेल्यावर पंपाचे वॉशर बदलले की नाही, हे पाहायला कोण जाणार? जागेवरच्या क्लबाचा सभासद येताजाता पाहू शकतो. दूरच्या क्लबाला कळवले तरच कळते. आमच्या मते ई-क्लबाची कसोटी येथे आहे. जो क्लब प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच देखभालीची तरतूद आणि गावातील जबाबदार व्यक्तींची समिती लिहून घेतो, तो दूर असूनही जवळ असतो.

ह्या संदर्भात आपल्याच घरातील एका जुन्या संस्थेची आठवण येते. संत विन्सेंट डी पॉल संस्था २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिस येथे सुरू झाली. तिचा प्रमुख संस्थापक फ्रेडरिक ओझानाम त्याच दिवशी वीस वर्षांचा झाला होता. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९७ मध्ये त्याला धन्यवादित घोषित केले. ह्या संस्थेच्या शाखाही परंपरेने आठवड्याला भेटतात, पण त्यांची सभा ही मुळात गृहभेटीची तयारी असते. दोघे दोघे मिळून गरजू कुटुंबाच्या घरी जातात, त्या घरचे सभेत सांगतात, पुढील आठवड्याचे ठरवतात. सभेत फिरणाऱ्या पिशवीत कोणी किती टाकले हे कोणाला दिसत नाही. सभा आणि गृहभेट वेगळ्या काढून पाहिल्या म्हणजे सगळा गोंधळ सुटतो. सभेला पडदा चालतो, गृहभेटीला चालत नाही. २००२ च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ ह्या दस्तऐवजात इंटरनेटवर संस्कार नाहीत असे निःसंदिग्धपणे सांगून प्रत्यक्ष मानवी सहवासाकडे बोट दाखवले होते. सेवेचा क्लब हा काही संस्कार नव्हे, पण मर्यादेची ती रेषा त्यालाही ओळखीची वाटावी.

सभासद होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

प्रथम पाहुणे म्हणून दोनतीन सभांना जावे. ऑनलाइन क्लबात ह्यासाठी कोणाची ओळख लागतेच असे नाही. क्लब खरोखर रोटरीचा वा लायन्सचा आहे ना, हे त्या संघटनेच्या अधिकृत यादीत पाहून घ्यावे. सेवेच्या नावाने पैसे गोळा करणारे बनावट गट कमी नाहीत. गेल्या वर्षी कोणते प्रकल्प झाले, त्यांपैकी किती ठिकाणी क्लबाचा कोणी माणूस प्रत्यक्ष जाऊन आला आणि हिशेब कोणी तपासला, हे कोषाध्यक्षांना मोकळेपणाने विचारावे. उत्तर देताना जे चिडतात त्यांच्या क्लबात न गेलेले बरे.

परदेशातील आप्तांसह क्लब काढून गावासाठी निधी पाठवू पाहणाऱ्यांनी एका कायद्याकडे विशेष लक्ष द्यावे. परदेशी देणग्यांच्या नियमनाचा २०१० चा कायदा, म्हणजे एफसीआरए, भारतातील संस्थांना नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय परदेशी देणगी स्वीकारू देत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे ‘तुम्ही घ्या आणि आमच्या मंडळाला द्या’ हा जुना सोपा रस्ता बंद झाला आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी समजली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी तशी समजली जाते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. एकाच कुटुंबातील दोन भावांपैकी दुबईच्या भावाचे पैसे एका नियमात आणि कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या भावाचे दुसऱ्या नियमात बसतात. क्लबाच्या पहिल्याच सभेत कोषाध्यक्षांनी सभासदांच्या नागरिकत्वाची नोंद करून ठेवावी आणि पहिली रक्कम पाठवण्यापूर्वी ती यादी सनदी लेखापालाला दाखवावी.